काळ्या पानाची राख

पिशवीत डबी निघाली आणि गुरुपादप्पांचा हात तिथेच थांबला. ते शोधत होते सोनोग्राफीची फाईल. दवाखान्याच्या काउंटरवर ती मागितली होती. फाईलच्या वर गुरम्माच्या पांढऱ्या रुमालात काहीतरी बांधलेलं लागलं, त्यांनी ते दाबून पाहिलं, गाठ सोडली, तर आत पितळेची भस्माची डबी. देवघरातली. झाकणाला एका बाजूने पोचा आलेला, तो गुरम्माच्या माहेराहून, उदगीरहून येतानाच आलेला. गुरम्माने आदल्या दिवशी लातुरात स्वतःच्या हाताने ती रुमालात बांधली असणार. मग ही जर इथे, आतापर्यंत गाठही न सुटलेली, तर अर्ध्या तासापूर्वी ऑपरेशनच्या दाराशी आपण तिच्या कपाळाला लावलं ते कुठल्या डबीतलं? त्यांनी नेहरू शर्टाच्या खिशात हात घातला. खिशातही एक डबी होती. तसलीच, पितळेचीच, तेवढीच गोल, फक्त पोचा नसलेली. झाकण उघडायची गरजच पडली नाही. नाकाशी नेली आणि कळलं. त्यांनी बायकोच्या कपाळाला सिगारची राख फासली होती. तीन बोटांनी, डोळे मिटून, 'ओम नमः शिवाय' म्हणत.

फाईल काउंटरवर देऊन ते परत बाकावर येऊन बसले. नांदेडचा हा दवाखाना चार मजली, फरशी पायांना गार लागणारी, आणि सगळीकडे स्पिरिटचा असा भपका की माणसाला आपल्या अंगाचाही वास येऊ नये. म्हणूनच फसलो, ते स्वतःला म्हणाले. एरवी ह्या नाकाने कधी दगा दिला नव्हता. चाळीस वर्षं लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीचा नमुना ओंजळीत घेऊन त्यांनी नाकाशी धरला होता. माल ओला आहे की वाळलेला, गेल्या साली कोठारात पडून राहिलेला आहे की परवाच रास झालेला, हे मशीन सांगायच्या आत अप्पा सांगत. बाजारात लोक म्हणत, अप्पांचं नाक म्हणजे अप्पांचं नाक. आणि आज तेच नाक घेऊन ते बायकोसमोर उभे होते, हातात राख होती, आणि नाक मेलं गप्प बसलं. सगळी चूक कालच्या चार वाजताची. काल गच्चीवर सिगार ओढताना लक्ष ठिकाणावर नव्हतं. सहाच्या एसटीने नांदेडला निघायचं होतं, खालून गुरम्माची भांडी आवरल्याचा आवाज येत होता, आणि ती शेवटचंच आवरते आहे असं काहीतरी डोक्यात शिरलं होतं. राखेची डबी पाण्याच्या टाकीमागे ठेवायची, ती त्यांनी खिशात टाकली. रात्र लेकीकडे निघाली. सकाळी आंघोळ करून तोच शर्ट पुन्हा अंगात घातला, कारण गुरम्मा म्हणाली होती, हा पांढरा चांगला दिसतो.

दाराशी सिस्टरने सांगितलं होतं, अंगावर काही ठेवायचं नाही. बांगड्या सुकन्याने आधीच साबण लावून काढल्या होत्या. मंगळसूत्र पर्समध्ये गेलं. राहिलं ते गळ्यातलं इष्टलिंग. गुरम्माच्या गळ्यात ते जन्मल्यापासून होतं. दोन्ही बाळंतपणात काढलं नव्हतं, एकदा विहिरीत पडली तेव्हाही ते मुठीत धरूनच वर आली होती. अंगावेगळं होऊ द्यायचं नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. तिने चांदीच्या चौकटीसकट ते गळ्यातून काढलं, डोळ्यांना लावलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. म्हणाली, "तुमच्याजवळ हाय म्हंजी माझ्याजवळच हाय. आता भस्म लावा." आणि त्यांनी खिशात हात घातला, डबी लागली, ती भस्माचीच असं धरून चालले. पिशवीत बघायचं त्यांना सुचलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला दिसू नये म्हणून त्यांनी डोळे मिटले, बोटं फिरवली आणि दार लागलं. आता त्यांच्या छातीवर दोन चौकटी होत्या, एक स्वतःची, एक तिची, हललं की एकमेकींवर वाजत होत्या. पोटातल्या गाठीचं काय ते उघडल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. साधीही असेल, नसेलही. 'नसेलही' हा शब्द डॉक्टरांनी हळूच उच्चारला होता. पंधरा दिवस तोच शब्द गुरुपादप्पांच्या कानात बसून होता.

"अप्पा, चहा घेता का?" सुकन्याने विचारलं. ती कागदी कप घेऊन उभी होती. त्यांनी कप घेतला. सांगावं का हिला? ही त्यांची लेक, शाळेत शिकवते, कुठल्याही गोष्टीचा उलगडा करून घेतल्याशिवाय सोडत नाही. म्हणेल, राख ती राखच, त्यात काय. किंवा म्हणेल, अप्पा, तुम्हाला काही वाटतं का? दोन्ही उत्तरं त्यांना नको होती. "काय झालं? चेहरा असा कामून?" तिने विचारलं. "काही न्हाई. झोप न्हाई झाली," ते म्हणाले आणि चहा पोळेल एवढा मोठा घोट घेतला.

ह्या सिगारचं तसं वेड नव्हतं त्यांना. वेड म्हणावं असं त्यांच्या आयुष्यात काही नव्हतंच. तंबाखूचा वास मात्र लहानपणापासून नाकात होता. देगलूरच्या मामाकडे गेलं की बाजाराच्या दिवशी पलीकडच्या तेलुगू बाया डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या, आणि त्यांतली एक म्हातारी चुट्टा उलटा ओढायची, पेटतं टोक तोंडाच्या आत. सात वर्षांचे गुरुपादप्पा तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, की आता हिची जीभ जळणार. म्हातारी बोलायची, भाव करायची, हसायचीसुद्धा, आणि मधूनच नाकातून धूर सोडायची. तो वास काळा होता. वासाला रंग असतो हे त्यांना तेव्हाच कळलं, पण सांगितलं असतं तर मामाने कानाखाली काढला असता. पुढे मिल, तूर, मुलं, लग्नं ह्यांत साठ वर्षं कशी गेली ते कळलं नाही. मिलचा कारभार पुतण्यांच्या हाती दिला आणि पहिल्यांदाच दुपारी चार वाजले. म्हणजे चार रोजच वाजत असत, पण ते बघायला त्यांना सवड नव्हती. त्याच सुमारास नांदेडला लेकीकडे आले असताना स्टेशनच्या रस्त्यावर व्यंकटच्या दुकानात तो काळा वास पुन्हा भेटला. ब्राउन पेपरात पंचविसाची जुडी, दक्षिणेकडून आलेली, ना डबा ना सोनेरी कागद. वरचं पान काळपट, तेलकट, हातावरच्या शिरा दिसाव्यात तशा शिरा असलेलं. व्यंकट म्हणाला, "अप्पा, हे रोजचं सामान हाय. पाव्हन्याला द्यायचं न्हाई, आपुन वढायचं. एका मसाला डोशाच्या पैशात दोन येतात." त्यांनी एक घेतला, व्यंकटने सांगितल्याप्रमाणे धूर गिळला नाही, तोंडात फिरवून सोडून दिला. करपलेला गूळ. मग ओलं लाकूड. मग जिभेच्या टोकाला मिऱ्याचा बारीकसा चटका. आणि सगळ्यात शेवटी देगलूरची म्हातारी. ते दुकानासमोरच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले, आणि त्या अर्ध्या तासात त्यांना कुणी काही विचारलं नाही.

भारी सिगारही त्यांनी ओढून बघितला होता, नाही असं नाही. मुलगा सोमेश दुबईहून आला तेव्हा बापाचा शौक कळला म्हणून लाकडी पेटी घेऊन आला. एकेक सिगार म्हणजे काचेच्या नळीत झोपवलेला राजपुत्र. सोमेशच्या देखत त्यांनी एक पेटवला. चांगलाच होता. पण सगळा वेळ ते पाहुण्यांसमोर बसल्यासारखे ताठ बसले होते. विझला तर? अर्धा टाकावा लागला तर? मधेच कुणी हाक मारली तर? चांगल्या वस्तूला चांगला वेळ द्यावा लागतो, आणि चांगला वेळ येतो कुठे रोज? ती पेटी अजून कपाटात आहे, नातीच्या लग्नाची वाट बघत. काळ्या पानाच्या सिगारचं तसं नव्हतं. तो घरच्या माणसासारखा. अर्धा राहिला तर ठेवून द्या, उद्या काडी लावा, तो रुसत नाही. पान थोडं फाटलं तर थुंकी लावून चिकटवा. टोक कापायला सोमेशने आणलेलं चकचकीत यंत्र नको, आईचा सुपारीचा अडकित्ता पुरे. चार वाजता गच्चीवर प्लॅस्टिकची खुर्ची, दोन काड्या एकदम ओढून पेटवलेलं टोक, खाली गल्लीत क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या सायकली, लांबून येणारा मिलचा भुसा उडाल्याचा वास. तीन वर्षं हा अर्धा तास त्यांच्या मालकीचा होता. बाकी सगळं वाटून दिलं होतं.

गुरम्मा ह्या बाबतीत फक्त एकदाच बोलली होती. पहिल्या आठवड्यातच. "वर वढा. पर माझ्या कुरडयांवर राख उडू देऊ नका." बस. एवढंच. त्या दिवशी त्यांनी आईची जुनी भस्माची डबी शोधून काढली. आई गेल्यापासून ती फडताळात रिकामी पडून होती, आणि गच्चीवरच्या वाऱ्याला झाकणाची वस्तूच हवी होती. हात उचलताना जरा धाकधूक झाली. पण राख पडली ती अशी पांढरीशुभ्र, घट्ट, बोटभर लांब, न मोडता डबीत निजलेली, की त्यांना वाटलं, आई हसली असती. तरी गुरम्माला हे कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. डबी टाकीमागे लपायची. जेव्हा जेव्हा काडी लावायची, त्याआधी गळ्यातलं लिंग ते पाठीवर टाकायचे, शर्टाच्या आत, म्हणजे त्याच्यापर्यंत धूर नको. डबीचं पितळ तीन वर्षांत कधी काळं पडलं नाही, ह्याचं त्यांना कौतुक वाटे. जुन्या पितळेची बातच न्यारी, असं ते मनाशी म्हणत. आणि आता, ह्या गार फरशीवर, त्यांना वाटलं की लपवलेली गोष्ट आज बरोबर वेळ साधून बाहेर आली. दाराआड गुरम्मा निपचित पडलेली, अंगावर लिंग नाही, कपाळावर भस्म नाही. जे कवच म्हणून घेऊन ती आत गेली ते नवऱ्याच्या चैनीची राख. तिला ते माहीतही नाही. आणि जर ती बाहेर आलीच नाही, तर कधी माहीत होणारही नाही, आणि मग त्यांना एकट्यालाच ते माहीत असेल, जन्मभर. हा विचार आला आणि त्यांना बाकावर बसवेना.

ते उठले, दारापर्यंत गेले. दारावर लाल दिवा. सिस्टरला हाक मारून सांगावं, अहो, तेवढं कपाळ पुसून घ्या आणि हे खरं लावा? डबी हातात धरून ते उभे राहिले. आत सुरी चालू असेल. बाहेरून म्हाताऱ्याने भस्म पाठवलंय म्हणून कोण थांबणार होतं? ते परत फिरले. खिडकीपाशी आले. समोरच्या रस्त्यावर ऑटो, मोसंबीचा गाडा, कुणाचं तरी डबा घेऊन पळणं. आणि त्याच क्षणी, लाज वाटावी इतक्या स्पष्टपणे, त्यांना सिगार ओढावासा वाटला. तोंडाला पाणी सुटलं. बायको तिकडे फाडलेली पडली आहे आणि ह्या माणसाला काडी लावायची आहे! त्यांनी दोन्ही चौकटी मुठीत धरल्या आणि मनात बोलायला सुरुवात केली, देवा, ती धडधाकट बाहेर येऊ दे, मी हे... पण पुढचा 'सोडतो' काही केल्या येईना. आयुष्यभर त्यांनी तोंडी सौदे केले होते आणि एकही मोडला नव्हता. जे उद्या पाळता येणार नाही ते आज बोलायचं नाही, ह्या एका गोष्टीवर त्यांनी बाजारात पत मिळवली होती. देवाशी तरी खोटं कसं बोलावं? निदान आज? तिच्या जिवाच्या बदल्यातही आपल्याला एक काळी कांडी सोडवत नाही, हे कळून त्यांना स्वतःची एवढी किळस आली की ते भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. सुकन्याने लांबून पाहिलं आणि अप्पा जप करतायत असं समजून ती जवळ आली नाही.

बारा वाजत आले तेव्हा दार उघडलं. हिरव्या टोपीतली सिस्टर बाहेर आली, छातीवर नाव लिहिलेलं, पंचशीला. तिने टोपी काढली, घाम पुसला आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आजीला कसलं भस्म लावलं हो तुम्ही?"

गुरुपादप्पा दोन पावलं पुढे आले. "का? काय झालं?"

"अहो, झालं काही नाही, सगळं नीट झालंय, डॉक्टर येऊन सांगतीलच. पण तंबाखूचा वास मारत होता त्याला! मी स्पिरिटचा बोळा घेऊन कपाळ पुसायला लागले, तर आजीने माझा हातच धरला. भुलीचं इंजेक्शन देत होते तिकडे, आणि आजी इकडे हसत होत्या. म्हणाल्या, पुसू नको गं माय, राहू दे. चार वाजल्यावानी वाटून राहिलं."

"काय म्हणाली?"

"चार वाजल्यावानी वाटतंय, म्हणाल्या. मला काय कळलं नाही. घड्याळात तर नऊ वाजलेले. तशाच हसत झोपल्या."

गुरुपादप्पा बाकावर बसले. नीट झालंय हे सुकन्याने ऐकलं आणि ती रडायला लागली, ते त्यांना दिसलं, पण तिच्या खांद्यावर हात ठेवायलाही त्यांना थोडा वेळ लागला. मग डॉक्टर आले. गाठ टेबलावरून तशीच तपासायला पाठवली होती, साधी निघाली, काळजीचं कारण नाही. डॉक्टर भराभर बोलत होते आणि गुरुपादप्पा मान डोलावत होते. पंधरा दिवस कानात बसलेला 'नसेलही' उठून कधी गेला ते त्यांना कळलंही नाही. त्यांनी फक्त एकच विचारलं, घरात कुणी तंबाखू ओढला तर अशी गाठ होते का. डॉक्टर म्हणाले, "ह्या गाठीचा त्याच्याशी संबंध नाही. पण ओढणाऱ्याने स्वतःची छाती दाखवायला कधीतरी यावं." आणि निघून गेले. सुकन्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी छताकडे पाहिलं.

गुरम्माला तीनच्या पुढे नीट शुद्ध आली. ओठ कोरडे, आवाज खोल गेलेला. कपाळावरचे तीन पट्टे घामाने पुसट झाले होते, पण होते. गुरुपादप्पांनी आधी तिचं लिंग काढून तिच्या मुठीत दिलं. तिने मूठ छातीवर नेली आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांना राहवेना. पाठ केलेलं बोलावं तसं ते बोलून गेले. "अगं, माझ्याकून चूक झाली. लई मोठी. ती डबी..."

"ठावं हाय."

"ती भस्माची नव्हती. ती..."

"ठावं हाय म्हनलं नव्हं." तिने एक डोळा उघडला. "तुमी बोटं टेकवलाव तवाच वास आला. मला वाटलं, मुद्दामच लावलाव."

"मुद्दाम? मी कशाला मुद्दाम..."

"मग काय झालं? तिथं समदं परकं होतं. त्या लायटी, त्या टोप्या. मला लई भ्या वाटून राहिलं होतं. मग तुमचा वास आला. म्हनलं, आता गच्चीवर हाईत, मी खाली जवारी निवडून राहिले. झोप लागली." ती थांबली, ओठांवरून जीभ फिरवली. "अत्तीची डबी हाय ना ती?"

अत्ती म्हणजे सासू. गुरुपादप्पांनी खिशावर हात ठेवला.

"तीन साल झाले, दर सोमवारी चिंच लावून घासते मी ती. टाकीमागून घेते, घासते, पुन्हा तिथंच ठिवते. तुमाला काय वाटलं, आपोआप चमकती व्हय?"

त्यांना हसू आलं, आणि हसताना एकदम रडूही आलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने पाहिलं तरी त्यांनी ते आवरलं नाही. तीन वर्षं ते ज्या पितळेचं कौतुक करत होते ते गुरम्माच्या हातांचं होतं. तीन वर्षं लपवून ठेवलेल्या वस्तूची ती दर सोमवारी सेवा करत होती. मघाशी ओठावर न आलेला तो 'सोडतो' त्यांना आठवला, आणि बरं झालं बोललो नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

"चार वाजले का?" गुरम्माने विचारलं.

"वाजतच आले."

"मग जावा की. इथं बसून काय करून राहिलाव? तोंड बघा कसं झालंय."

व्यंकटचं दुकान चालत दहा मिनिटांवर. अप्पांना पाहून त्याने विचारायच्या आधीच जुडी काढली. "आज एकच दे," ते म्हणाले, "आणि तुझा अडकित्ता दे." पायरीवर बसून त्यांनी टोक कापलं, दोन काड्या ओढल्या. पहिला झुरका घेतला, तोंडात फिरवला, सोडला. करपलेला गूळ, ओलं लाकूड, मिरी. सगळं जागच्या जागी होतं. समोरून ऑटो जात होते, स्टेशनवर कुठलीशी गाडी आल्याचं सांगत होते, आणि अप्पांना काहीच ऐकायचं नव्हतं. अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज लिंग पाठीवर टाकायचं राहिलं. ते छातीवरच होतं, शर्टाच्या वर. त्यांनी ते पाहिलं, आणि राहू दिलं. राख पांढरी, बोटभर लांब झाली तेव्हा त्यांनी आईची डबी उघडून तिच्यात हलकेच निजवली आणि झाकण लावलं. अर्धा उरलेला सिगार विझवून व्यंकटने दिलेल्या कागदात गुंडाळला. उद्याही चार वाजणार होते.

नळावर चूळ भरून, हात धुऊन ते वर आले. सुकन्या खुर्चीत पेंगत होती. गुरम्माचे डोळे मिटलेले, मूठ छातीवर. ते चपला दाराशी काढून अनवाणी आले, खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून उभेच राहिले. खाटेजवळ पोचायला अजून दोन पावलं होती. डोळे न उघडताच ती म्हणाली, "आलाव?"